सहावी बाटली

"वर्गात उदाहरण द्यायचं तर मेलेल्या माणसाचं द्यावं," मोठे सर तिला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "जिवंत माणसाचं उदाहरण बाकावर बसून राहत नाही, बाई. ते जिना उतरून रस्त्यावर जातं."

तिनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हणूनच तुमच्या तासाला अर्धा वर्ग पेंगतो. मोठे सर म्हणजे तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, वहीची पानं पिवळी पडलेली, आणि त्या वहीत एक राजा, त्याची तीन मुलं आणि एक फळबाग वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसलेली. न्याय शिकवायचा तर फळबागेची वाटणी, गरिबी शिकवायची तर धाकट्या मुलाला बाग न मिळणं. राजा पाहिलाय कुणी? तिनं ठरवलं, आपण पाहिलेलंच सांगायचं. नाव काढून टाकलं की झालं.

हे कॉलेज संध्याकाळचं. ती तिथे तासिकेवर शिकवायची. 'प्राथमिक तत्त्वज्ञान' या विषयाला एकतीस विद्यार्थी होते आणि त्यातले बहुतेक दिवसभर कुठे ना कुठे राबून आलेले: एक नर्स, एक बस कंडक्टर, एक कुरियरवाला, दुकानांत उभं राहून पाय सुजलेल्या दोघीतिघी. त्यांच्यासमोर उभी राहताना तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे असायचं, कारण अकरा महिन्यांची बबडी तेवढा वेळ घरी बाबांच्या ताब्यात असायची. दिवसा ती पाळणाघरात. आई तेव्हा आणखी एका शाळेत तासिका घ्यायची, म्हणून.

आता बबडीच्या आईचा स्वभाव सांगायला हवा. पहिल्यापासूनच संशयी. बाळ झाल्यावर त्या संशयाला पाय फुटले. बबडी झोपली की ही तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. दूध तीनदा हुंगायची. बबडीचे बाबा म्हणायचे, "तू तत्त्वज्ञान शिकवतेस की पोलिसात आहेस, एकदा नक्की सांग." ती हसायची नाही. डोळ्यांत तेल घालून राहिलं म्हणून मूल नीट आहे, असं तिचं म्हणणं.

पाळणाघर म्हणजे तरी काय, छापखान्यामागच्या गल्लीत तळमजल्यावरची एक खोली. दार निळं आणि मधोमध कापलेलं. खालचं अर्धं बंद, वरचं उघडं, म्हणजे पोरं बाहेर जात नाहीत आणि वारा आत येतो. पलीकडे छपाईचं यंत्र धपधप करत असायचं. नव्या पोरांना त्याची भीती वाटायची आणि आठवड्याभरात त्याच्याशिवाय झोप येईनाशी व्हायची. खोली चालवणाऱ्या बाईंना सगळेच काकू म्हणत. काकू पन्नाशीच्या, गुडघे धरून उठणाऱ्या, बोलायला तुटक. त्यांच्याकडे सहा मुलं. प्रत्येकाच्या घरून दुधाची पावडर पारदर्शक बरणीत भरून यायची. बरणीवर चिकटपट्टी, पट्टीवर मुलाचं नाव, आणि सहा बरण्या फळीवर ओळीनं.

बबडीची पावडर लवकर संपायला लागली.

आधी तिला वाटलं, आपलंच मोजमाप चुकलं. मग तिनं निळ्या पेनानं बरणीवर, नावाच्या पट्टीखाली, केसाएवढी बारीक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पावडर रेघेच्या जितकी खाली जायला हवी होती त्याच्या दुप्पट गेली होती. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं पुन्हा रेघ मारली. चार रेघा झाल्या. घरी फ्रिजवर बबडीच्या वजनाचा कागद चिकटवलेला होता आणि त्यावरचे आकडे आठवड्याला वर चढत होते, पण संशय एकदा पोटात शिरला की त्याला आकडे दिसत नाहीत. कुणीतरी माझ्या लेकीचं दूध पितंय, एवढंच तिला कळत होतं.

एका दुपारी शाळा लवकर सुटली तेव्हा ती आवाज न करता गल्लीत शिरली आणि निळ्या दारावरून आत डोकावली.

काकूंनी सहाही बरण्या खाली जमिनीवर काढल्या होत्या. समोर एक मोठा पत्र्याचा डबा. एकेका बरणीतून त्या वाटीनं पावडर त्या डब्यात ओतत होत्या, जिच्यात जास्त तिच्यातून जास्त, जिच्यात कमी तिच्यातून कमी. सहावी बरणी जवळजवळ रिकामीच होती. तिला त्यांनी नुसतं उपडं करून ठोकलं आणि बाजूला ठेवलं. मग पत्र्याच्या डब्यातली पावडर कोमट पाण्यात कालवून सहा बाटल्या भरल्या, एकेक उंचावून, उजेडासमोर धरून, सहाही बाटल्यांत दूध एका रेषेत येईपर्यंत. सहावी बाटली त्यांनी भिंतीशी बसलेल्या एका हडकुळ्या पोरीच्या हातात दिली. ती पोर बाटली बघताच दोन्ही हात पुढे करून "दे" म्हणाली. तेवढा एकच शब्द तिला येत होता.

तिला सगळे मुंगी म्हणायचे. मुंगीची आई शिलाई कारखान्यात कॉलर जोडायची, सकाळी सगळ्यांच्या आधी पोर सोडायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी न्यायची. मुंगीच्या बरणीत आठवड्याच्या सुरुवातीला जेमतेम तळ झाकला जाईल इतकी पावडर असायची, हे फळीकडे बघणाऱ्या कुणालाही दिसलं असतं. बघितलं कुणी नव्हतं.

बबडीची आई दारातून मागे सरली, गल्लीच्या टोकाला जाऊन वीस मिनिटं उभी राहिली आणि मग जोरजोरात चपला वाजवत परत आली.

काकूंना ती काही बोलली नाही. बोलून करणार काय? काकूंनी बबडीला न्यायला सांगितलं तर दुसरीकडे कुठे ठेवायची? आणि मुख्य म्हणजे काय विचारायचं हेच तिला उमगत नव्हतं. चोरी म्हणावी तर बाईंनी स्वतःसाठी चमचाभर घेतलं नव्हतं. चोरी नाही म्हणावं तर बरणी आपली, नाव आपल्या लेकीचं. चार रात्री कूस बदलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पुढच्याच गुरुवारी अभ्यासक्रमात तिसरं प्रकरण आहे: न्याय, गरिबी आणि नीती. काकूंना विचारायचं धाडस नव्हतं ते तिनं वर्गाला विचारायचं ठरवलं.

गुरुवारी एकही माणूस पेंगला नाही. तिनं गावाचं नाव घेतलं नाही, काकूंचं घेतलं नाही, मुंगीचं तर नाहीच. पण उदाहरण डोळ्यांसमोर उभं राहायला हवं, म्हणून निळं अर्धं दार ठेवलं, फळीवरच्या सहा बरण्या ठेवल्या, चिकटपट्टीवरची नावं ठेवली, पत्र्याचा डबा ठेवला. रेघ मारणारी आईसुद्धा ठेवली, जणू कुणी तिसरीच बाई. मग तिनं विचारलं, ही चोरी की न्याय?

कंडक्टर म्हणाला, एकानं तिकीट काढायचं आणि ते सहा जणांत फाडून वाटायचं, असं माझ्या बसमध्ये चालेल का, मॅडम? सगळे हसले. दुकानातली एक मुलगी म्हणाली, तिकीट फाडल्यानं कुणाचं पोट भरत नाही, उगाच काहीही बोलू नकोस. नर्सनं वेगळीच गोष्ट काढली. पावडर वेगवेगळ्या असतात, वयाप्रमाणे माप वेगळं असतं, एखाद्या मुलाला एखादी सोसतच नाही, तेव्हा सरसकट मिसळणं धोक्याचं आहे, चोरीबिरी राहू दे बाजूला. हे मात्र बबडीच्या आईला सुचलंच नव्हतं. मग नर्सनं विचारलं, त्या रेघ मारणाऱ्या बाईच्या मुलाचं वजन कमी झालं का?

"त्याची नोंद नाही," ती म्हणाली. कागद घरी फ्रिजवर होता.

मागच्या बाकावरून कुरियरवाल्यानं हात वर केला. हा सहसा बोलायचा नाही. "मॅडम, त्या बाईंना कुणी विचारलं का, असं का करता म्हणून?"

"उदाहरणातल्या माणसाला विचारता येत नाही," ती म्हणाली, आणि वर्ग पुन्हा हसला. तीही हसली. तास रंगला होता.

हात वर करून मोजणी झाली. एकोणीस जण चोरी म्हणाले, बारा जण न्याय. निकाल एका बाजूला लागत नाही असं बघून तिनं घरचा अभ्यास दिला: प्रत्येकानं आपल्या ओळखीच्या तिघांना हे उदाहरण जसंच्या तसं सांगायचं, ते काय म्हणतात ते आणि का म्हणतात ते लिहून आणायचं. 'जसंच्या तसं' या शब्दांखाली तिनं फळ्यावर दोन रेघा ओढल्या. आत्तापर्यंत कुठल्या तासिकेवरच्या बाईनं इतकं जिवंत काही शिकवलं असेल, असं वाटून ती त्या संध्याकाळी घरी जवळजवळ उड्या मारत गेली. एकतीस गुणिले तीन किती होतात, हा विचार तिच्या डोक्यात आला नाही. तत्त्वज्ञानाच्या बाईला तो येतही नाही.

पुढच्या आठवड्यात कागद आले. रविवारी दुपारी बबडी झोपल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते घेऊन बसली. एका न्हाव्याचं म्हणणं होतं की दुधाची चोरी ही चोरीच नसते. एका आजीनं म्हटलं होतं, अशा बाईच्या हाती मी माझं मांजरही देणार नाही. एका वॉर्डबॉयनं नर्सला उलट विचारलं होतं की तुमच्या वॉर्डात सलाईन तरी कुठे सगळ्यांना सारखं लागतं. ती हसत होती, खुणा करत होती. मग कुरियरवाल्याचा कागद आला. अक्षर मोठं, सावकाश लिहिलेलं.

पहिल्या दोघांची उत्तरं होती. तिसऱ्याच्या जागी लिहिलं होतं: माझी वहिनी. वहिनीने उत्तर दिले नाही. तिने विचारले की ते दार निळे आहे का आणि छापखान्याचा आवाज येतो का. मी म्हटले, दार निळे आहे, आवाजाचे मॅडम बोलल्या नाहीत. ती उठून आत गेली. म्हणून उत्तराची जागा रिकामी ठेवली आहे.

बबडीच्या आईनं तो कागद दोनदा वाचला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

सोमवारी निळ्या दाराशी ती पोचली तेव्हा फळीवरच्या दोन बरण्यांना झाकणावरून चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मंगळवारी चार. एका बरणीवर तर तिच्यासारखीच रेघ होती, पण लाल पेनाची. पालक एरवी पोरांना काखोटीला मारून पळायचे. आता उंबऱ्याशी रेंगाळायला लागले. एकमेकांशी बोलायचे नाहीत, एकमेकांच्या बरण्यांकडे बघायचे. ह्यातली वहिनी कोण? ती भुवया आक्रसून प्रत्येक आईचा चेहरा न्याहाळत होती आणि तिला खात्री होती की प्रत्येक जण तिचाही न्याहाळतो आहे. वर्गात तिनं नर्सला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही कुठे तक्रार वगैरे केलीत का? नर्सनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. ती म्हणाली, मी माझ्या वॉर्डात तिघांना विचारलं, तुम्हीच सांगितलं होतं तसं जसंच्या तसं. बबडीच्या आईला वाटलं, हिला सगळं कळलंय.

बुधवारी साडेपाचला कुणीतरी सगळ्यांना थांबवून घेतलं. पुढाकार एका मुलाच्या बाबांचा, त्यांना सगळे बँकवाले म्हणत. हे गृहस्थ बँकेत होते आणि बोलताना समोर काच असल्यासारखे बोलायचे. त्यांनी काकूंना विचारलं, आमच्या मुलांची पावडर एकत्र करता हे खरं का?

काकू म्हणाल्या, खरं.

म्हणजे त्यांनी आढेवेढेच घेतले नाहीत. त्यामुळे बँकवाले क्षणभर गडबडले. मग एकदम सगळ्यांचा कल्ला झाला. वेगवेगळ्या पावडरी, लहानमोठी मुलं, कुणाला काही झालं असतं तर? हे बरोबरच होतं आणि काकूंनीही मान खाली घालून ते ऐकलं. त्या म्हणाल्या, ते मला समजलं नव्हतं, त्यात मी चुकले. पण प्रश्न तिथे थांबला नाही. बँकवाल्यांनी फळीवरची सहावी बरणी उचलली, हलवून दाखवली आणि म्हणाले की ही बरणी नेहमीच अशी येते, याचा अर्थ हे ठरवून चाललेलं होतं. ज्यांना फायदा होतो त्यांना माहीत नसतं, असं कसं होईल? आणि ही गोष्ट गावभर झाली ती तरी कुणामुळे? ज्यांचं असं फुकटात चालतं तेच कुठेतरी फुशारकी मारतात.

मुंगीची आई तेवढ्यात गल्लीत शिरली होती. कपड्यांवर दोऱ्याचे तुकडे तसेच. तिला काहीच ठाऊक नव्हतं. खरोखरच नव्हतं, तिला वाटायचं काकू तिच्या पोरीला पातळ करून पाजतात आणि त्यावरच ती वाढते आहे. ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, पण वाचायची कुणाची तयारी नव्हती. सगळे तिच्याकडे वळले.

ह्याच वेळी बबडीच्या आईनं तोंड उघडायला हवं होतं. 'मी बोलले' एवढे दोनच शब्द. तिनं बबडीला घट्ट धरलं. तिला वाटलं, सांगितलं तर आपलीही बरणी उचलून हलवतील, आपल्याही रेघा दाखवतील, कॉलेजात कळेल. बबडीनं तिच्या केसांची बट ओढली तरी ती हलली नाही.

मुंगीची आई एवढंच म्हणाली, "मी कुणाचं काही मागितलं नव्हतं." तिनं मुंगीला उचललं, बँकवाल्यांच्या हातातून बरणी घेतली आणि गेली. काकू तिच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि गुडघा धरून परत आल्या.

गर्दी पांगल्यावर ती मागे राहिली. काकू खालच्या अर्ध्या दाराला टेकून बसल्या होत्या.

"काकू, ते मी सांगितलं. माझ्या वर्गात. नाव घेतलं नव्हतं."

काकूंनी गुडघा चोळला. पलीकडे यंत्र बंद पडलं होतं.

"तुमची रेघ मला पहिल्याच दिवशी दिसली होती," त्या म्हणाल्या. "वाटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. पुसलीसुद्धा नाही मी. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. एकाला दाट आणि एकाला पातळ पाजलं की पातळवालं पोर दाटवाल्याच्या बाटलीकडे बघत बसतं. रडत नाही हो. नुसतं बघतं. मला दिवसभर त्याच खोलीत बसायचं असतं."

"मी उद्या सगळ्यांना सांगते."

"सांगा. पण ती परत येणार नाही. आता येऊन पोरीला तिथे बसवायचं, आणि सगळ्यांनी बाटलीकडे बघायचं?"

तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी एकेकाला गाठून सांगितलं. बँकवाले म्हणाले, असो, पण मुद्दा मुद्द्याच्या जागी राहतोच. कुरियरवाल्याची वहिनी, जिला ती इतके दिवस शोधत होती, ती निघाली नेहमी सगळ्यात गोड हसणारी बाई, आणि तिनं मान फिरवली. तीन मुलं फॉर्म भरून घेणाऱ्या मोठ्या पाळणाघरात गेली. बबडी काकूंकडेच राहिली. आता तिथे प्रत्येक बरणी आपापल्या झाकणाखाली असते.

मग ती शिलाई कारखान्याच्या फाटकाशी गेली. जेवणाच्या सुट्टीत मुंगीची आई बाहेर आली, पण फाटकाची जाळी मध्ये ठेवूनच उभी राहिली. बबडीच्या आईनं सगळं कबूल केलं, माफी मागितली, पोरीला परत आणा म्हणाली, पावडर मी देते म्हणाली. समोरची बाई ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते बबडीच्या आईला ओळखीचं होतं. स्वतःच्या लेकीजवळ कुणी अनोळखी वाकलं की तिचे डोळे अगदी असेच व्हायचे.

"मुंगी कुठे असते आता?"

"घरी."

"कुणाजवळ?"

"आहे नीट. दूध ठेवून येते. झोपते ती दुपारची." तिच्या गळ्यात सुतळीला एक किल्ली होती आणि बोलताना तिनं ती मुठीत घेतली. "तुम्हाला कशाला हवंय? परत वर्गात सांगायला?"

घर कुठे, ते तिनं सांगितलं नाही. घंटा झाली, ती आत गेली.

नंतर बबडीची आई तीनदा त्या फाटकाशी गेली. तिसऱ्या वेळी पहारेकरी म्हणाला, त्या बाईंनी काम सोडलं, बहुतेक दुसऱ्या कारखान्यात लागल्या असतील, पत्ता आम्ही देत नाही, आणि तुम्ही कोण? काकूंनी मुंगीच्या जुन्या खोलीचा पत्ता मिळवला, दोघी गेल्या तर तिथे नवं बिऱ्हाड आलेलं. शेजारीण म्हणाली, पोर गुणाची होती, दिवसभर आवाज म्हणून नाही. हे सांगताना तिला कौतुकच वाटत होतं.

तेव्हापासून बबडीची आई भेटेल त्याला विचारते. वर्गात विचारते, बसथांब्यावर विचारते. लोकांना ती जरा डोकं फिरल्यासारखी वाटते आणि बबडीचे बाबा हल्ली थट्टा करत नाहीत. हे वाचणाऱ्या तुमच्याकडेही तिचं तेच मागणं आहे. पोर आता चौदा महिन्यांची असेल. हडकुळी, डावा कान वरून किंचित दुमडलेला, आणि येतो तो एकच शब्द, "दे". तुमच्या इमारतीत, तुमच्या मजल्यावर, तुमच्या गल्लीत असं एखादं दार असेल ज्याला दिवसभर बाहेरून कुलूप असतं आणि संध्याकाळी एक बाई ते किल्लीनं उघडते, तर तिच्यावर संशय घेऊ नका, तिला चार शब्द सुनावू नका. दुपारी त्या दाराशी जा. हळूच वाजवा. आतून आवाज येत नाही म्हणून परत फिरू नका, थोडं थांबून पुन्हा वाजवा.